कुंचीला इंग्रजीत काय म्हणतात?

परदेशी जाणाऱ्या पाकिटावर 'आत काय आहे' असा एक रकाना असतो. तो कुणीतरी माझ्या नणंदेच्या सासऱ्यांसाठीच छापला असावा. जगातली बाकी माणसं त्या रकान्यात एखादा शब्द खरडून मोकळी होतात. आमचे हे काका त्या दीड इंचात राहायला जात. तिथे बसून ते विचार करत, शब्द हुंगून बघत, खोडत, आणि मग शाईच्या पेनाने मोत्यासारख्या अक्षरात जे काही लिहीत ते वाचून वाटे, की वस्तू शिवली मी खरी, पण तिला जन्म आत्ता मिळाला. त्यांची सारी नोकरी महापालिकेच्या जकात नाक्यावर गेली होती. अठ्ठावीस वर्षं गावाच्या वेशीवर बसून 'आत काय आहे?' हा एकच प्रश्न त्यांनी लोकांना विचारला, आणि निवृत्त झाल्यावर त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला ते माझ्यासोबत पोस्टाच्या खिडकीपाशी उभे राहिले.

मी तेव्हा कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांत बाळंतविडे शिवायचे. झबली, टोपडी, दुपटी, कुंची. यजमानांच्या कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती देऊ केली आणि त्यांनी ती घेतली, त्या वर्षी शिवणयंत्र माळ्यावरून खाली आलं. ते दिवस असे होते की पुण्यातल्या दर तिसऱ्या घरातला मुलगा कॉम्प्युटरपायी परदेशी चालला होता, आणि त्याच्या मागे वर्ष-दोन वर्षांत एक बाळही तिकडेच जन्माला येत होतं. इकडच्या आज्या माझ्याकडे येऊन सांगत, "आमच्या नातवाला पाठवायचंय, तुम्हीच परस्पर पाठवाल का?" पुढे तिकडच्या मुलीच ईमेलवर मागणी नोंदवू लागल्या. शिवणं मला येत होतं. पाठवणं येत नव्हतं. पहिल्याच खेपेला पोस्टातल्या बाईंनी हिरवी चिठ्ठी आणि एक लांबलचक फॉर्म माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाल्या, "भरून आणा. वाचून भरा. सगळे न वाचता भरतात." मी घाबरून तशीच सदाशिव पेठेत नणंदेकडे गेले. काका खिडकीशी खुर्ची टाकून नकाशांचं पुस्तक बघत बसले होते. फॉर्म पाहिला मात्र, त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू जुना दोस्त दारात उभा आहे.

"वहिनी," ते म्हणाले, "कुंचीला इंग्रजीत काय म्हणतात?"

मी म्हटलं, "बेबी ड्रेस लिहू या की."

त्यांनी पेनचं टोपण लावून टाकलं. "श्रीखंडाला दही म्हणाल?" बस्स. त्या दिवशी फॉर्म भरला गेला नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी नणंदेकरवी निरोप धाडला, की 'टोपीला जोडलेला, पाठीवर सोडलेला, सुती, घरी शिवलेला, तान्ह्या मुलाचा झगा' अशा अर्थाचे पाच इंग्रजी शब्द सापडले आहेत, ताबडतोब या. मी मोपेड काढून गेले. पाच शब्दांसाठी कोथरूडहून सदाशिव पेठ!

त्यांचा हात म्हणजे तराजू होता. दोन किलोच्या वर गेलं की लहान पाकीट राहत नाही, पार्सल होतं, आणि मग नियमही निराळे. काका पाकीट तळहातावर घेत, डोळे मिटत, नि म्हणत, "एक किलो नऊशे साठ." पोस्टाच्या काट्यावर फार तर दहा ग्रॅम इकडेतिकडे. पण डोळे एकदा मिटले की लगेच उघडत नसत, ही पंचाईत होती. त्या पाकिटाबरोबर ते निघालेले असत. आधी मुंबई, मग समुद्र, मग वाळवंटावरून जाणारं विमान, मग बर्फ पडत असलेलं कुठलं तरी गाव आणि त्या गावातला लाल टोपीचा पोस्टमन. पुण्याबाहेर ते आयुष्यात दोन-चारदाच गेले असतील, तेही लग्नकार्याला. पण कॅनडातल्या एका गावात डावीकडे वळल्यावर तळं लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते तळं आपल्याला ओलांडायचं नसून वळसा घालायचा आहे हेही. रांगेतले लोक खोळंबत. खिडकीतल्या बाई शिक्का हातात धरून वाट बघत आणि शेवटी म्हणत, "आजोबा, आधी पाकीट जाऊ द्या. मग तुम्ही जा."

ह्या बाईंचं नि काकांचं विशेष सख्य होतं, म्हणजे दोघं एकमेकांशी फक्त भांडत. एकदा नॉर्वेच्या पत्त्यात ओ या अक्षरावर आडवी रेघ आली. बाईंनी फॉर्म परत ढकलला. "खाडाखोड चालत नाही."

"ती खाडाखोड नाही. त्यांच्याकडचं अक्षर आहे ते."

"मग त्यांना कळवा, नीट लिहीत चला म्हणावं."

काकांनी नकाशांचं पुस्तक पिशवीतून काढलं, अक्षर दाखवलं, बाईंनी ते चष्मा वर करून पाहिलं आणि एक अक्षरही न बोलता शिक्का मारला. बाहेर पडल्यावर काका म्हणाले, "हुशार बाई आहे. पटलं की गप्प बसते."

त्यांची ठाम समजूत होती, की पृथ्वीवरच्या प्रत्येक देशात एका टेबलापाशी त्यांच्यासारखाच एक माणूस बसलेला आहे. सकाळपासून पाकिटं उघडून त्याची मान धरली आहे, चहा गार झाला आहे. फॉर्म लिहायचा तो त्या माणसासाठी. "त्याला कुंची कधी दिसली असणार? त्याला कळायला नको का?" म्हणून सोबतच्या बीजकाच्या, म्हणजे बिलाच्या, कोपऱ्यात ते कुंची घातलेल्या बाळाचं इवलंसं चित्र काढत. बाळ नेहमी हसरं. आणि 'भेट' या चौकटीत खूण करायला त्यांचा कडाडून विरोध. तिकडच्या मुली लिहीत, भेट म्हणून पाठवा, कर वाचतो. काका मला विचारत, "वहिनी, तुम्ही त्या बाळाच्या कोण?"

"कुणी नाही."

"मग भेट कसली?" आणि ते 'विक्रीचा माल' या चौकटीत अशी ठसठशीत खूण करत, की कागदाला मागून उठाव येई. त्यापायी दोन-तीन गिऱ्हाइकं तुटलीही. मी कुरकुरले, तर म्हणाले, "खोटं लिहिलेलं गाठोडं हातात घेतलं की कळतं हो. जड लागतं."

मग नॉर्वेतली एक मुलगी आली. आली म्हणजे तिचा ईमेल आला, आणि त्यामागून एक पाकीट. तिचं बाळ व्हायचं होतं आणि तिची आई वर्षापूर्वी गेली होती. आईची एक सुती साडी तिने जपून ठेवली होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. त्या साडीची कुंची आणि दोन दुपटी करून पाठवाल का, बाळंतविडा करणारं माझं दुसरं कुणी नाही, असं तिने लिहिलं होतं. ती साडी कापताना माझा हात तीनदा थांबला. कात्री लागली की परत जोडता येत नाही; आणि अशी दुसरी साडी कुठल्या दुकानात मिळणार? बाळ झालं, मुलगी झाली, बारशाचा रविवार ठरला. नेमके तेव्हा काका तापाने आडवे. दिवस थोडे उरले होते. मी एकटीच पोस्टात गेले आणि फॉर्म भरला.

तीन चुका केल्या. कुंचीच्या घडीत वेखंडाचा एक तुकडा ठेवला, कारण तिच्या आईने ठेवला असता. तो फॉर्मवर लिहिला नाही. कपड्यांसाठी 'जुने कपडे' असं लिहिलं. आणि 'भेट' या चौकटीत खूण केली. बाईंनी फॉर्म वाचला, माझ्याकडे पाहिलं. "आजोबांनी बघितलाय?" मी "हो" म्हटलं. ही चौथी.

बारशाच्या आदल्या आठवड्यात ईमेल आला. पाकीट तिकडच्या कस्टमने अडवलं होतं. न नोंदवलेली वनस्पती, वापरलेले कपडे. पाठवणाऱ्याने खुलासा करावा, नाहीतर माल नष्ट करण्यात येईल. खाली तिने एवढंच लिहिलं होतं, 'काकू, ती साडी नष्ट करतील का हो?'

सायबर कॅफेतून काकांच्या घरापर्यंत मी कशी गेले ते मला आठवत नाही. ते उशीला टेकून पेज पीत होते. मी सगळं सांगितलं, बाईंशी खोटं बोलले तेसुद्धा. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. काकांनी पेजेची वाटी बाजूला ठेवली.

"भेट का लिहिलंत?" त्यांनी हळूच विचारलं.

"तिला आई नाही हो, काका. लिहिताना मला वाटलं, आपणच पाठवतोय."

"शिलाई घेतली होतीत?"

"घेतली होती."

"मग दोन्ही लिहायला हवं होतं." ते म्हणाले. "दोन्ही खरं होतं." आणि नणंदेला हाक मारून म्हणाले, "माझं पेन आण गं."

अंगात ताप असताना त्यांनी पत्र लिहिलं. आधी चार पानं झालं, मग दोन, शेवटी एक. इंग्रजी जुन्या वळणाचं होतं, पण मला अजून आठवतं. महोदय, मीही अठ्ठावीस वर्षं आपल्यासारख्याच टेबलापाशी बसलो आहे. पाकिटात एक औषधी मूळ आहे, ते आम्ही लिहिलं नाही, चूक आमची आहे, ते कृपया नष्ट करावं. कापड जुनं आहे, परंतु ते जुने कपडे नव्हेत. ती या बाळाच्या आजीची साडी आहे. आजी हयात नाही. आपल्याकडे यासाठी वेगळी चौकट असल्यास कृपया त्यात नोंद व्हावी. खाली सही, आणि शेजारी ते हसरं बाळ.

फॅक्स करायला आम्ही कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवर गेलो. काका ऐकेनात, शाल गुंडाळून आलेच. कागद यंत्रात एका बाजूने शिरला आणि दुसऱ्या बाजूने जसाच्या तसा बाहेर आला. काकांनी तो उचलून बघितला आणि बूथवाल्याला म्हणाले, "गेलं कुठे? हे तर इथेच आहे."

"गेलं, आजोबा. पोचलंसुद्धा."

"समुद्र ओलांडून?" त्यांचा विश्वास बसेना.  येताना वाटेत ते एकदा थांबून म्हणाले, "माझ्यासमोर इतकी वर्षं माणसं उभी राहिली, वहिनी. आत काय आहे ते कुणी असं सांगितलंच नाही मला. मीही नीट विचारलं नसेल."

बारसं त्या साडीवाचूनच झालं. मुलीने कळवलं, 'बाळाला दुसरंच काहीतरी घातलं, पेढे वाटले, मी न्हाणीघरात जाऊन थोडी रडले.' आम्ही आशा सोडली होती. आणि त्यानंतरच्या मंगळवारी पाकीट तिच्या दारात पोचलं. उघडलेलं, सरकारी पट्टीने परत चिकटवलेलं. वेखंड काढून घेतलं होतं, तशी चिठ्ठी होती. बाकी सगळं होतं. तिने कुंची घातलेल्या मुलीचा फोटो पाठवला, आणि लिहिलं, की उघडलेलं पाकीट म्हणजे सगळं कोंबलेलं असेल असं वाटलं होतं; पण ज्याने उघडलं त्याने कुंचीची घडी तुम्ही घातली होती तशीच परत घातली होती.

फोटोची छापील प्रत काकांनी नाकाजवळ धरून पाहिली. बाळ हसत नव्हतं, चांगलं रडत होतं. त्यांचं लक्ष मात्र फोटोत नव्हतं. "घडी घातली म्हणते?" त्यांनी मला दोनदा विचारलं. मग म्हणाले, "नाक्यावर मी कितीतरी गाठोडी सोडायला लावली. सोडून बघायची, पुढे जा म्हणायचं. लोक रस्त्याच्या कडेला बसून परत बांधायचे. एकाचीही घडी मी घातली नाही हो." मी काहीतरी समजुतीचं बोलले. काकांनी खिडकीबाहेर बघत मान हलवली, आणि मला वाटतं, ते नाक्यावर जाऊन पोचले होते.

पुढे दोन-तीन वर्षांनी नणंदेच्या यजमानांनाच कंपनीने अमेरिकेत पाठवलं. काकींना जाऊन खूप वर्षं झाली होती, काकांना एकटं कसं ठेवणार? त्यांचा पासपोर्ट निघाला. काका पोस्टातल्या बाईंचा निरोप घ्यायला गेले, तेव्हा बाई म्हणाल्या, "या वेळी पाकिटाबरोबरच चाललात म्हणायचं," आणि एकदम खाली मान घालून शिक्के मारायला लागल्या.

विमानात सामानाचा फॉर्म मिळतो. काकांनी तो तीन तास भरला, असं नणंद सांगते. गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, प्रत्येकाचं वजन, प्रत्येकाचं वर्णन. जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूला. उतरल्यावर टेबलापाशी गेले, ताठ उभे राहिले, फॉर्म दोन्ही हातांनी पुढे केला. तिथल्या अधिकाऱ्याने त्याकडे पाहिलंही नाही. हसून "वेलकम, सर" म्हणाला आणि पुढे जा अशी खूण केली.

"वाचलाच नाही हो त्याने," काकांनी मला पहिल्याच फोनवर सांगितलं. एवढं दुखावलेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येई. घर मोठं आहे म्हणत, रस्ते स्वच्छ आहेत म्हणत, माणूस दिसत नाही म्हणत. मग आवाज जरा सावरून विचारत, "या आठवड्यात कुठे?" मी सांगे, मेलबर्न. किंवा सिंगापूर. पूर्वी असं म्हटलं की ते लगेच निघत. आता तसं होईना. मेलबर्नचं त्यांना काही वाटेना. त्यांना दुसरंच हवं असे. पोस्टात गर्दी होती का? कोण कोण होतं? गोंदाच्या बाटलीत गोंद होता की पाणीच? बाई काय म्हणाल्या?

मी सांगू लागले. पायऱ्यांवर कुणाची तरी सायकल आडवी लावलेली होती, पेन्शनवाले आजोबा पंख्याखालची जागा सोडायला तयार नव्हते, एक बाई राख्या पाठवायला आल्या होत्या आणि पिनकोड विसरल्या होत्या, खिडकीतल्या बाईंनी नवा चष्मा केला आहे. पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, लाईन गेली.

"काका? आहात ना?"

"आहे, आहे," ते अगदी हळू म्हणाले. "थांबा जरा. माझ्या पुढे अजून तिघं आहेत."