फ्लॉपीला लावलेलं कुंकू

खंडेनवमीला आमच्या भागात कुणी आपल्या हत्यारानं काम करत नाही. विळा, कुऱ्हाड, शिवणयंत्र, दुकानातला तराजू, जे ज्याच्या पोटाचं साधन ते धुऊन-पुसून ठेवायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि दिवसभर त्याला विसावा द्यायचा. माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. ती घरी आणलेल्या चाळणीला कुंकू लावायची. म्हणजे हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. तरी त्या दिवशी मी यंत्र चालू ठेवून बेळगावला गेलो. तेवढी चूक माझी. बाकीच्या दुसऱ्यांच्या आहेत, आणि मी त्या विसरलेलो नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. निपाणीजवळच्या एका साखर कारखान्यात, शेती विभागात, मी हंगामी कारकून होतो. हंगाम संपला की घरी, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. कारखान्यानं एक कॉम्प्युटर घेतला होता, पण त्याला हात लावायला कुणी धजत नव्हतं. कापड पांघरून तो कोपऱ्यात बसलेला असायचा. मी त्याआधी सहा महिने रोज एसटीनं बेळगावला जाऊन कॉम्प्युटरचा क्लास केला होता. संध्याकाळी क्लास झाडून द्यायच्या बोलीवर मालकाकडून रोज एक तास जास्तीचा मिळवला होता. बाकीची पोरं घरी जायची तेव्हा माझं खरं शिकणं सुरू व्हायचं. फुकट मला आयुष्यात कुणी काही दिलेलं नाही.

शेती अधिकाऱ्यांकडे मी स्वतः गेलो आणि म्हणालो, ऊसतोडीची पाळी मी ह्या यंत्रावर लावून दाखवतो. शेतकरी लागणीची, म्हणजे ऊस लावल्याची, तारीख कारखान्यात नोंदवतो आणि ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, असा नियम. प्रत्यक्षात ज्याचा साडू संचालक त्याची तोड आधी, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. यंत्राला साडू नसतो, असं मी म्हणालो. साहेब हसले. दसऱ्यानंतर संचालकांची बैठक होती. ते म्हणाले, "बैठकीत चालवून दाखव. चाललं तर तुला कायम करायचं माझ्याकडं लागलं."

कायम. त्या एका शब्दासाठी मी हंगाम नसतानाही तीन महिने त्या खुर्चीला चिकटलो.

त्या यंत्राच्या पोटात काही साठवून ठेवायची सोय नव्हती. बंद केलं की ते सगळं विसरायचं. जे टिकवायचं ते फ्लॉपीवर उतरवायचं. फ्लॉपी म्हणजे तळहाताहून थोडी मोठी, काळी, चौकोनी, वाकणारी वस्तू. आत एक पातळ तपकिरी तबकडी आणि तिच्यावरच्या आवरणाला एका बाजूला लांबट खिडकी. खिडकीतून तबकडी चमकताना दिसते. तिथं बोट लावायचं नाही, हा क्लासमधला पहिला धडा.

स्टोअरमधून मला अशी एकच फ्लॉपी मिळाली. दुसरीसाठी लेखी मागणी केली तर उत्तर आलं, पहिली फाटली आहे काय? मग मी स्वतःच्या खिशातून घ्यायचं ठरवलं. बेळगावात तेव्हा एकच दुकानदार फ्लॉप्या ठेवायचा आणि तो एकेक सुटी द्यायचा नाही. घ्यायचा तर दहाचा खोका. मी म्हणालो, दोन दे. तो म्हणाला, खोका फोडला तर उरलेल्या कोण घेणार? मी वर दुसऱ्या दुकानातला भाव सांगितला, जे दुकान मुळात नव्हतंच. तो म्हणाला, मग तिकडनंच घ्या की. मी पायरी उतरलो. गिऱ्हाइक पायरी उतरलं की दुकानदार हाक मारतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. ह्यानं मारली नाही. दोनदा गेलो, दोनदा मोकळ्या हातानं परतलो. खोका परवडत नव्हता असं नाही. त्याच्यापुढं वाकायचं नव्हतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी फ्लॉपी भरली. शेतकऱ्यांच्या नोंदींनी सगळी जागा खाल्ली होती. आणि प्रोग्रॅमचा सगळ्यात अवघड भाग मी त्याच दोन दिवसांत लिहिला होता. दोघांची लागण एकाच तारखेची असेल तर आधी कुणाचा ऊस घ्यायचा, तो भाग. तो ठेवायला जागा नव्हती. जुना प्रोग्रॅम पुसून त्या जागी नवा ठेवता आला असता, पण नव्याची अजून खात्री नव्हती, आणि जुना तेवढाच एक होता. म्हणून नवा भाग नुसता यंत्राच्या स्मरणात होता. यंत्र चालू आहे तोवर आहे. मी ठरवलं, सकाळी बेळगावला जायचं आणि काय वाटेल ते करून फ्लॉपी आणायची.

निघताना स्टोअरकीपर अण्णांना सांगितलं. अण्णा निवृत्तीला आलेले, ऑफिसातली पूजा दरवर्षी त्यांच्याच हातून व्हायची. मी म्हणालो, ह्याला आज कुणी हात लावू नका, बंद तर अजिबात करू नका. ते म्हणाले, "आम्ही कशाला लावतोय रं? तुझं खटारं तुलाच लखलाभ."

बेळगावात दुकान अर्धं उघडं होतं. दुकानदार पूजेच्या तयारीत, मूड चांगला. तासभर घातला, पण शेवटी अर्धा खोका मिळवलाच. परतीच्या एसटीत मी मनात हसत होतो. त्याला वाकवला होता.

दुपारी ऑफिसात शिरलो तर उदबत्तीचा वास. टाइपरायटर, वजनकाट्याची मापं, जीपचा जॅक, सगळं एका ओळीत, सगळ्यांना झेंडू. कॉम्प्युटरला सगळ्यात मोठी माळ. पडदा काळा.

"बंद कुणी केला?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "मीच केला. चालत्या हत्याराची पूजा करत्यात व्हय? इसावा नको त्याला?"

यंत्राला फ्लॉपी घालायची फट असते, तिथं मी बघितलं. फटीत फ्लॉपी नव्हती. ती पाटावर होती, विड्याच्या पानावर, नारळाशेजारी. गेल्या महिन्यात मीच ऑफिसभर सांगत फिरलो होतो की हे यंत्र नुसता सांगाडा, खरा जीव ह्या फ्लॉपीत आहे. अण्णांनी ते ध्यानात ठेवलं होतं.

"लई जपून काढली बघ," ते म्हणाले. "पैलं कुंकू तुझ्या फ्लॉपीलाच लावलं."

"कुठं लावलं?"

"ती खिडकी हाय न्हवं, चमकतीय तिथं. मुखवटा तिथंच दिसला मला."

तबकडीवर ओल्या बोटाचं हळदकुंकू, वर दोन अक्षता चिकटलेल्या. मी रुमालानं पुसायला गेलो आणि कुंकू आणखी पसरलं. फ्लॉपी यंत्रात घातली. करकर आवाज झाला आणि पडद्यावर 'वाचता येत नाही' अशा अर्थाची ओळ आली. पुन्हा घातली. पुन्हा तीच ओळ. सात-आठ वेळा तरी घातली असेल.

मग मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. अण्णांच्या वयाचा मान ठेवला नाही. आणि बोलता बोलता यंत्रावरची माळ ओढली आणि जमिनीवर फेकली. टायपिस्टबाई चटकन उठल्या आणि ती उचलून त्यांनी डोळ्यांना लावली. अण्णा एवढंच म्हणाले, "देवाचं केलं, त्यात आमचं काय चुकलं सांग."

ह्यात बोट ठेवायला जागाच नाही, आणि हाच माझा खरा संताप आहे. कुणी चोरी केली असती तर मी त्याला कोर्टात खेचला असता. इथं माझ्या तीन महिन्यांची राख कुणी केली होती? भक्तीनं, आणि मी कमावलेल्या पाच फ्लॉप्यांच्या सवलतीनं.

दसऱ्याला मी सोनं वाटायला बाहेर पडलो नाही. प्रोग्रॅमची पहिली काही पानं मागे कधीतरी छापून ठेवलेली होती, त्यावरून पुन्हा टाइप करायला बसलो. उरलेलं डोक्यातून आठवत गेलो. एकदा सुचलेलं दुसऱ्यांदा तसंच सुचेल असं आपण धरून चालतो. सुचत नाही. हात अडतो, आणि आधी कसं केलं होतं ह्याची नुसती सावली दिसते. ह्या वेळी मात्र दर दहा ओळींनी उतरवून ठेवत होतो. एक प्रत टेबलात, एक पिशवीत, एक आईच्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत. ही सवय तेव्हापासूनची. घरातले हसतात, हसू देत.

बैठकीत मी चाळीस शेतकऱ्यांची यादी चालवली. पहिली वीस नावं नीट आली. मग एकाच तारखेची दोन नावं आली आणि यादी तिथंच अडकली. तीच दोन नावं पडद्यावर पुन्हा पुन्हा उतरत राहिली. मी घाईघाईनं सांगू लागलो की हा भाग लिहून झाला होता, चालतही होता, फक्त पूजेच्या दिवशी...

एका संचालकांनी मध्येच विचारलं, "माळ फेकणारा तो तूच काय?"

पाळीचा विषय तिथंच संपला. चहा आला. साहेबांनी मला हातानं खूण करून बाहेर जायला सांगितलं.

मी बाहेर थांबलो. सगळे गेल्यावर आत गेलो आणि सौदा मांडला. पंधरा दिवस द्या, चाललं नाही तर बिनपगारी काढा. साहेबांनी वर बघितलं नाही. म्हणाले, आठवड्यात मोळी पडून गाळप सुरू होणार, पाळ्या रजिस्टरवरच लावायच्या ठरल्यात. मी म्हणालो, दहा दिवस. मग म्हणालो, आठ. आयुष्यात पहिल्यांदा मी एकटाच भाव उतरवत होतो.

शेवटी त्यांनी रजिस्टर पुढं ढकललं. "अक्षर चांगलं हाय तुझं. बस, नावं उतरून घे."

मी बसलो. पहिलं नाव त्यांनीच सांगितलं. त्या शेतकऱ्याची लागणीची तारीख मला पाठ होती. नियमानं त्याचा ऊस तोडायला अजून दोन महिने होते. मी मान खाली घालून नाव लिहिलं.