आतल्या खोलीची भिंत

भाऊजी गेल्याच्या दहाव्या दिवशी, सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान, सिहोऱ्यातल्या त्यांच्या घराच्या आतल्या खोलीची भिंत ओल्या फडक्याने पुसली गेली, माती सुटली तिथे नव्याने लिंपली गेली आणि तिच्यावर चुना मारला गेला. पुसणाऱ्यांत मी होतो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. गावच्या दूध संकलन केंद्रावर ते फॅट मोजायचे. मशीन बिघडले म्हणून ते दुचाकीला बांधून नागपूरला दुरुस्तीला निघाले होते. भंडाऱ्यापुढच्या शहापूरजवळ हायवेवर मागून ट्रकने धडक दिली. धान कापणी उरकत आली होती. पोलिसांनी दिलेल्या पिशवीत एक चप्पल, चालू असलेले घड्याळ आणि मोबाइलचे दोन तुकडे होते. फॅटच्या मशीनला नव्याने काही झाले नव्हते.

त्या घरात लिहून ठेवायचे ते सारे आतल्या खोलीच्या भिंतीवर लिहिले जायचे. म्हैस कधी लागली, कधी व्यायली, जनावरांच्या डॉक्टरचा नंबर, सिलिंडर कधी लावला. दाराच्या खिळ्याला सुताराची चपटी पेन्सिल दोरीने टांगलेली असे. भिंत मातीची होती. पेन्सिल दाबून लिहावे लागे.

भाऊजींनी बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली ती दोन म्हशींच्या दुधाच्या पैशातून. मुलीला बारावीनंतर नर्सिंगला पाठवायचे होते. त्यासाठी ते दरमहा थोडे थोडे घेत. ही गोष्ट गावात लपलेली नव्हती. केंद्रासमोरच्या पानठेल्यावर, सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटला जात असताना, तिच्यावर रोज चर्चा होई. मी नागपुरात वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. सुटीत सिहोऱ्याला गेलो की मीही तिथे उभा असे.

"काय जी फॅटवाले," ठेलेवाला सुरू करायचा, "तुमच्या त्या कॉइननं खर्रा भेटते का?"

"नाही भेटत."

"मंग कायच्या कामाचा जी तो?"

"सोन्यानं देतेस का तू खर्रा?"

"सोनं दिसते ना जी. बायको गळ्यात घालते. तुमचा कॉइन वहिनीनं कुठं घालाचा?"

बाकावर बसलेले निवृत्त गुरुजी भाऊजींच्या बाजूने बोलत. "सरकार त्याच्यावर तीस टक्के टॅक्स घेते. नसलेल्या वस्तूवर कोणी टॅक्स घेते का?"

"गुरुजी, टॅक्स तं दारूवरही घेते सरकार. म्हून का आता पोराईले पाजाची?"

गुरुजी स्वतः बिटकॉइन घेत नव्हते. त्यांची पेन्शन बँकेत होती. पुढे हेच चालणार, पण आपल्या हयातीत नको, असे त्यांचे मत होते. ठेलेवाल्याचे म्हणणे होते की जी वस्तू सकाळी एका भावाची आणि संध्याकाळी दुसऱ्या भावाची, ती टमाट्यासारखी असते. फरक एवढाच की टमाटा खाता येतो. त्याच्या चुलतभावाने तुमसरच्या एका हॉलमध्ये चहा-नाश्त्यासह भाषण ऐकून कसलासा कॉइन घेतला होता. चार माणसे जोडा, कमिशन मिळेल, असे सांगण्यात आले होते. काही महिन्यांत ते ॲप उघडेनासे झाले आणि भाषण देणाऱ्याचा फोन बंद झाला.

"तो कॉइन नव्हता, ती साखळी होती," भाऊजी म्हणायचे. "दोन्ही येगळं आहे."

"ज्याचे गेले त्याले सांगा जी, येगळं आहे म्हून."

ताईचे मत एका वाक्याचे होते. "म्हशीले विचारून घ्या, तिच्या दुधाचं आहे."

त्या बंद पडलेल्या ॲपमुळे भाऊजींनी एक निर्णय घेतला. आपले बिटकॉइन कोणत्याही कंपनीकडे ठेवायचे नाहीत. ते त्यांनी मोबाइलमधल्या स्वतःच्या वॉलेटमध्ये नेले. असे वॉलेट उघडताना बारा इंग्रजी शब्द दिले जातात. मोबाइल हरवला, फुटला तर तेच शब्द त्याच क्रमाने दुसऱ्या मोबाइलवर टाकले की सारे परत मिळते. शब्द गेले तर अर्ज करायला कोणतेही कार्यालय नसते. शब्दांचा फोटो काढू नका, मोबाइलमध्ये ठेवू नका, अशी सूचना असते. भाऊजींनी ती पाळली.

हे मला माहीत होते. आदल्या उन्हाळ्यात जेवण झाल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत नेले आणि दाराचा पल्ला ओढला. पल्ल्यामागे, डॉक्टरच्या नंबराखाली, मोठ्या इंग्रजी अक्षरांत बारा शब्द एकाखाली एक लिहिले होते. वरचा शब्द कमरेच्या उंचीवर, खालचा जमिनीपासून वीतभर.

"भिंतीवर?" मी म्हटले.

"कागद उंदीर खाते. मोबाइल चोर नेते. भिंत कोण नेते, पेपरवाले?"

"ताईले सांगतलं का?"

"तिले सांगतलं तं आठ दिवस हासन. पोरीची नर्सिंगले भरती झाली की सांगतो."

मग त्यांनी आपल्या वॉलेटच्या पत्त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवला. हा पत्ता इंटरनेटवर टाकला की किती बिटकॉइन आहेत ते कोणालाही दिसते, पण शब्दांशिवाय कोणाला काढता येत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. मी पाहिले. त्यानंतर मी नागपूरला परतलो. हा विषय पुन्हा निघाला नाही.

दहाव्याला घर सारवून, चुन्याने पोतून घ्यायचे असते. तेरवीला लोक येणार होते. पाण्याची बादली मी धरली होती आणि ताई फडक्याने वरून खाली पुसत येत होती. दाराच्या पल्ल्यामागे ती थांबली.

"हे काय लिवलं आहे रे?"

मी पाहिले. "पोरीचे स्पेलिंग असन," मी म्हटले. "लहानपणीचे."

तिने पुसले. खालच्या भागात ओलीने माती सुटली होती. ती मी खुरप्याने काढली आणि नवीन माती लावली. दुपारी चुना वाळला.

मला त्या वेळी आठवले नाही. याला माझ्या सांगण्यापलीकडे पुरावा नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी भाचीने विचारले, "मामा, बाबांचं ते बिटकॉइन कसं काढाचं? मोबाइल तं गेला." ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी सुपाकडे पाहत होतो. तेव्हा आठवले. मी उठून आतल्या खोलीत गेलो आणि दाराचा पल्ला ओढला. भिंत पांढरी होती.

भाचीला आणि ताईला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. मला दाखवले होते ही, आणि स्पेलिंग म्हणालो ही. ताई म्हणाली, "मीच पुसलं ना." मग ती गोठ्यात गेली.

चुना खरवडायला दोन दिवस लागले. पेन्सिल पुसली गेली होती, पण दाबून लिहिल्याने मातीत चर उमटले होते. भाची भिंतीला गाल टेकून बॅटरीचा उजेड भिंतीवर आडवा पाडत असे आणि एकेक अक्षर वाचत असे. मी वहीत उतरवत होतो. वरचे सहा शब्द मिळाले. खालचे सहा ज्या मातीवर होते ती माती मी काढली होती. ती अंगणात टाकली होती. तिच्यावरून तेरवीची पंगत उठली होती.

आमच्या कार्यालयात संगणकाचे काम पाहणारा एक सहकारी आहे. त्याला मी सहा शब्द न सांगता परिस्थिती सांगितली. ज्या यादीतून हे शब्द येतात त्या यादीत दोन हजारांहून थोडे जास्त शब्द असतात, असे त्याने सांगितले. एक शब्द नसेल तर तो एका संध्याकाळी शोधून देईल. दोन-तीन नसतील तर वेळ लागेल, पण प्रयत्न करता येईल.

"सहा नसतील तर?"

"सहा नसतील तर घरच्यांना स्पष्ट सांगून टाका, सर."

मी फोनवर सांगितले. ताईने विचारले, "म्हणजे गेलं का?"

"गेलं नाही. आहे. काढता येत नाही."

"दिसते पण भेटत नाही, असंच ना?"

"हो."

मग ती म्हणाली की धार काढायची आहे.

पानठेल्यावर यानंतर दोन मते झाली. गुरुजी म्हणत की वस्तू खरी होती, चूक माणसाची झाली. बँकेत असते तर वारस म्हणून फॉर्म भरून मिळाले असते, एवढे मात्र ते मान्य करत. ठेलेवाला म्हणे की जी वस्तू मेलेल्या माणसाच्या बायकोला मिळत नाही, तिला पैसा म्हणू नये. मला पाहून त्याने विषय बदलला आणि खर्रा घोटायला घेतला. त्या दिवशी त्याने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.

बारावीच्या निकालानंतर ताईने दोन्ही म्हशी विकल्या. भाचीला भंडाऱ्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाची फी भरली आहे. दुसऱ्या वर्षाची सोय झालेली नाही.

यंदा दिवाळीआधी ताईने घर पोतले. दाराच्या पल्ल्यामागचा भाग तिने सोडला. तिथे सहा शब्द आहेत आणि खाली माझ्या हातची माती.

भाऊजींनी पाठवलेला स्क्रीनशॉट माझ्या मोबाइलमध्ये आहे. आज सकाळी अकरा वाजता मी तो पत्ता टाकून पाहिला. शिल्लक तेवढीच आहे. शेवटचा व्यवहार भाऊजींच्या अपघाताच्या नऊ दिवस आधीचा आहे. त्यानंतर एकही नोंद नाही.