तीन रबरांची बाटली

मावशीला सगळी गल्ली 'काळी-पांढरी' म्हणायची आणि तिला त्याचं काडीचंही वाटायचं नाही. शेजारची रंगीत फोटोंची लॅब बंद झाली, तेव्हा लॅबवाला उरलेली रसायनं ओतून टाकायला निघाला होता. हिने त्याच्या हातातून कॅन हिसकावून घेतले.

"अहो बाई, आता यातून रंग धड येत नाहीत!"

"मला कुठे हवेत रंग? काळं-पांढरं करण्याइतका जीव आहे त्यात."

होताच! तेव्हापासून तिची डार्करूम त्या उरल्यासुरल्यावर झकास चालली. बाटल्या सगळ्या सारख्या, म्हणून अंधारात हाताला कळावं यासाठी त्यांच्या गळ्यात रबरं: चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरला एक, ते पक्कं करणाऱ्या फिक्सरला दोन आणि ब्लीचला तीन. ब्लीच उमटलेलं चित्र उडवतं. रंगीत कामात लागतं, हिला काही उपयोग नाही. पण फुकटचं टाकून देईल ती मावशी कसली!

एका दुपारी भाची आईच्या कॅमेऱ्यातला काळा-पांढरा रोल घेऊन आली. आई म्हणजे मावशीची थोरली बहीण, गेल्या वर्षी गेली. जन्मभर तीच कॅमेऱ्यामागे, त्यामुळे मायलेकींचा एकत्र असा एकही फोटो घरात नव्हता.

"यात आहे एक," मावशी म्हणाली. "मीच काढला होता. बस, आत्ता धुऊन देते."

डेव्हलपर झाला, जुना फिक्सर झाला. मावशीने दिवा लावून फिल्मचं टोक दाखवलंही, "ही बघ तुम्ही दोघी." मग ताज्या फिक्सरचा दुसरा हात द्यायला, उजेड असूनही सवयीने, तिने बाटलीचा गळा चाचपला. दोन रबरं. ओतलं. थोड्या वेळाने फिल्म काढली, तर कोरी!

मावशीने बाटली हुंगली. ब्लीच! तिसरं रबर कुजून फळीवर तुटून पडलं होतं.

"गेली ना आई?" भाचीला रडू फुटलं.

"गप! अशी बरी जाईल? फिक्सर आधी दिलाय म्हणून वाचलो. चित्र फिल्मवरच आहे, नुसतं दिसेनासं झालंय. उजेड दाखवू आणि परत डेव्हलपर देऊ."

मावशीने फिल्म धुतली, खिडकीत धरली आणि डेव्हलपरमध्ये बुडवली. आधी काळपट डाग आले, मग दोन डोकी, मग दोन चेहरे.

भाचीने ओली फिल्म उजेडात धरली. फिल्मवर काळ्याचं पांढरं दिसत होतं.

"मावशी, आईचे केस पिकलेत गं."

बहिणीचे केस काळेभोर असतानाच ती गेली होती. मावशी खुर्चीत बसली आणि पदर तोंडाला लावून हमसून रडली.

भाचीने आपल्या वेणीचं रबर काढलं आणि ब्लीचच्या गळ्यात घातलं.