हेल्मेटला दिलेला थर

मी हेल्मेटला रंग लावला नव्हता, थर दिला होता. हा फरक माझ्या सासुरवाडीला अजून कळलेला नाही.

माझा साळा नरेश दिघोरीहून रोज मोटारसायकलने लाखनीला कामाला येतो. रस्त्यावर ट्रकच ट्रक, आणि याचं डोकं उघडं. माझ्या बायकोच्या, वनिताच्या, जिवाला घोर. भावाचा फोन यायला उशीर झाला की तिच्या घशाखाली घास उतरत नसे. आम्ही त्याला हेल्मेट घेऊन दिलं, तर त्याने ते परत आणून ठेवलं. "भाऊजी, उन्हात डोस्कं शिजते याच्यात."

शिजते काय? मी इरेला पेटलो. पांढऱ्या छताचं घर थंड राहतं, मग डोकं का राहू नये? चुना घेतला, तो टिकावा म्हणून त्यात जवसाचं तेल कालवलं आणि हेल्मेटवर पातळ हात मारला. (पातळ, म्हणजे माझ्या मते.)

"वाळू तर द्या जी," वनिता म्हणाली.

"वारा लागला की वाळते." मी ते तसंच डोक्यावर चढवलं, तिला मागे बसवलं आणि दिघोरीची वाट धरली.

वाळलंही असतं. पण वाटेत राईस मिल लागली, आणि तिथे नेमका कोंडा उडत होता.

"अवो, थांबा, तुमचं डोस्कं..."

"थंड आहे," मी अभिमानाने सांगितलं.

अंगणात गाडी उभी केली तर कुत्रं भुंकत मागे सरलं. सासूबाईंनी माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "वनिता, जवाई नाई आले काय?" मी हेल्मेट काढून ओट्यावर ठेवलं, तशा कोंबड्या धावत आल्या आणि त्यावरचा कोंडा टिपू लागल्या.

नरेश हसून हसून खालीच बसला. "हे घालू मी? कोंबड्या घेऊन जाऊ कामावर?"

"आत हात घालून पाह्य, थंड आहे." मी माघार घेणारा नव्हे. "हे नाही तर दुसरं आणतो. त्यालेही थर देतो. तू घालेपर्यंत देतच राहीन."

वनिता मात्र हसली नाही. "नरेश, तू घरी पोचेपर्यंत मले जेवण जात नाई रे," एवढंच ती म्हणाली. तो हसायचा थांबला.

दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतः जाऊन एक काळं हेल्मेट घेतलं. रोज घालतो. वनिता आता पोटभर जेवते.

त्याने बहिणीचं ऐकलं, असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, थराने काम केलं, आणि याला नरेशच साक्षी आहे. कामावरचे लोक त्याला विचारतात, "एवढ्या उन्हात काहून घालून राहिला बे?"

तो सांगतो, "नाई घातलं तर भाऊजी स्वतःच्या हातचं देते."