पूजेतला सिलिंडर

आमच्या दिंद्रुडच्या रुद्राणीला सगळे ‘आगवाली’ म्हणतात. माझ्या घराच्या पुढच्या गाळ्यात ती आग विझवायचे सिलिंडर भरून देते. सासऱ्यांचा धंदा तिने उचलला, आणि आवाजही त्यांचाच.

मागच्या हंगामात अण्णारावांच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पेटला. रासायनिक फेसाने आग विझली, पण तो फेस नाल्यावाटे वस्तीच्या विहिरीत उतरला. त्यातले रसायन वर्षानुवर्षे नष्ट होत नाही, हे रुद्राणीला प्रशिक्षणात कळले होते. वस्ती अजून टँकरचे पाणी पिते. तेव्हापासून ती मातीत विरून जाणारे द्रावण शोधत होती. दोन वापरून पाहिली, सोडून दिली. तिसरे, वनस्पतींपासून केलेले, तिला पटले. दसऱ्याला नवा कापूस यायच्या आत जुना फेस जिनिंगमधून निघायलाच हवा, असा तिचा हट्ट.

अण्णारावांनी चाचणीला नेमकी खंडेनवमी दिली. मीही गंमत बघायला गेले. रुद्राणी अंगणात खराब रुईचा ढीग रचून येते तो काय, कामगारांनी तिचा सिलिंडर यंत्रांशेजारी मांडून, हळदकुंकू वाहून, झेंडूचा हार घालून पूजलेला! पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत.

“पूजेचा हाय त्यो,” तिथली सर्वांत जुनी कामगार कडूबाई म्हणाली. “उद्या बघू.”

“उद्या कापूस येतोय, मावशी.”

“कावून घाई करती?” अण्णाराव हसले. “देव उठला की सिलिंडर उठंल.”

“मग आत्ताच उठवते.” रुद्राणीने चपला काढल्या आणि सिलिंडरवर अक्षता टाकल्या. “देवा, झाली पूजा. आता कामाला लागा.”

“उत्तरपूजा उरकली की पोरीनं!” कडूबाई तोंडाला पदर लावून हसली. “आता काय बोलायचं?”

ढीग पेटवला. हारासकट सिलिंडर उचलून रुद्राणीने फवारा मारला. ज्वाळा बसल्या. पण कापूस आतून धुमसत राहतो, हे सगळ्यांना ठाऊक. चहा होईपर्यंत वाट पाहून कडूबाईने दाताळ्याने ढीग फोडला आणि आत हात घातला.

“गार हाय! लई गार.”

अण्णारावांनी स्वतः हात घालून पाहिला. “बदला सगळे.”

“सगळे न्हाई, अण्णा. विजेच्या पॅनेलपाशी ह्यो पाण्याचा चालायचा न्हाई. तिथं सीओटू गॅसचाच ठेवा.”

“इकायला आलीस का अडवायला?”

“दोनी! आन् जुन्यातला थेंबबी नाल्यात जाऊ देणार न्हाई,” म्हणत ती भिंतीवरचा पहिला सिलिंडर उतरवायला स्टुलावर चढली.