काचकिनबायच्या मनगटावरचा जिरगाल

जिरगालबेकची बायको मॉस्कोला गेली त्याला सात वर्षं झाली, आणि ही सात वर्षं तो रोज सुधारत होता. हे मी म्हणत नाही, तोच म्हणायचा. आमच्या अत-बाशी गावात हमामखान्यासमोर एक बाक आहे. तिथे मी आणि मुसाकुन असे दोन म्हातारे ऊन खात, येणाऱ्याजाणाऱ्याची मापं काढत बसतो. जिरगालचं घर हमामखान्याला लागूनच. सकाळी नऊच्या सुमाराला तो डुलत यायचा. हातात वही, मनगटावर काळं घड्याळ, आणि पोटात कालपासून साठवलेला विचार.

"आबा, ठरवलंय. उद्यापासून पाचला उठायचं."

"परवा तर चारला उठणार होतास," मुसाकुन म्हणाला.

"चार फार होतात. झेपेल तेच ठरवावं, असं तो व्हिडिओतला सांगतो."

"तो स्वतः किती वाजता उठतो?"

"त्याला कशाला उठायला पाहिजे? तो सुधारलेला आहे."

असा आमचा जिरगाल. वय सत्तेचाळीस, पोट पुढे, मूलबाळ नाही. गावाबाहेर उलाकचं मैदान आहे, तिथला तो राखणदार. घोड्यावर बसून मुंडकं उडवलेला बोकड एकमेकांच्या हातून हिसकावायचा, हा आमचा उलाक. तरुणपणी एकदा जिरगालही उतरला होता. घोडा बोकडापर्यंत पोचला, हा मात्र वाटेतच राहिला. तेव्हापासून तो खेळावर फक्त विचार करतो.

"आबा, दोन्ही बाजू बोकडासाठी जीव टाकतात. पण त्याला कुणाकडे जायचंय, हे कुणी विचारतं का?"

"मुंडकं नाही त्याला, सांगणार कसा?" मी म्हणायचो, आणि आम्ही खिदळायचो.

घर यंत्रांनी भरलेलं. सगळी बुरुलकाननं, म्हणजे बायकोनं, मॉस्कोहून धाडलेली. आपोआप फिरणारा झाडू होता, तो जमिनीवरच्या लोकरी नमद्याच्या कडेला अडकून घरघरत बसायचा. बोलणारा वजनकाटा होता. जिरगाल जाड नमद्याचे बूट घालून त्यावर उभा राहायचा आणि आकडा ऐकला की त्याच्याशी भांडायचा. पैसाही आता फोनमधूनच यायचा. त्यावरही त्याचा विचार तयार होता.

"बाबांच्या वेळी पैसा चार पायांवर यायचा. अंगणात लेंड्या टाकायचा, कळायचं तरी की आला. आता नुसतं टिंग वाजतं. टिंग वाजलं की मला दिसतं, आज तिनं कुणाचातरी जिना पुसलाय."

यावर मात्र आम्ही हसायचो नाही.

छपराला नवा पत्रा घालायचा म्हणून बुरुलकान दोन वर्षांसाठी गेली होती. पत्रा बसला, गंजायलाही लागला. आधी तिनं जिने पुसले, आता एका म्हातारीकडे राहून तिची सेवा करते. सुरुवातीला रोज फोन यायचा, मग आठवड्याला, मग घड्याळ आलं. ते पावलं मोजतं, छातीचे ठोके मोजतं, आणि सगळे आकडे आतल्या सिमकार्डावरून थेट तिकडे तिच्या फोनवर उमटतात. त्यानंतर फोन जवळजवळ बंदच. "रोज बघते ना मी तुला," असं ती म्हणायची. म्हणजे आकडा बघायची. पहिल्या वर्षी तो आठ हजार होता, नंतर पाच, आणि गेल्या शरदात तीनशेवर आला. तीनशे म्हणजे खाट, चूल, आमचा बाक. मैदानावर तो शेजाऱ्याच्या गाडीत बसून जायचा आणि दिवसभर खोपटात पडून व्हिडिओ बघायचा.

एकदा वही बाकावर राहिली. मुसाकुननं उघडली, मी थांबवलं नाही. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'एक : बुरुलकान परत येईल. दोन : पाचला उठणे. तीन : थंड पाण्याने अंघोळ.' खाली अठरापर्यंत आकडे, एकाहीपुढे खूण नाही. आम्ही वही मिटून ठेवली. म्हणजे त्या दिवशी ठेवली. नंतर महिनाभर मी त्याला थंड पाण्यावरून छळत होतो.

आता पुढचं सांगताना माझी जीभ जरा अडखळते, कारण ते माझ्यापासूनच सुरू झालं. बुरुलकानची बहीण सोनुन बाजारात लोकरीचे मोजे विकते. ऑक्टोबरच्या अखेरीस मी तिच्याकडे मोजे घ्यायला गेलो. सुट्टे परत देताना ती हळूच म्हणाली, "ताई येतेय, आबा. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेचं तिकीट काढलंय. कुणाला बोलू नका हं, रविवारी ती स्वतःच त्याला सांगणार आहे."

कुणाला बोलू नका! हे मला सांगायचं म्हणजे मांजराला दुधाकडे बघू नको म्हणायचं. तरी मी ती बातमी पूल ओलांडेपर्यंत दाबून धरली. पुलाच्या टोकाला घोडेराखा काचकिनबाय भेटला, घोड्यावर बसलेला. माझे गुडघे दुखत होते. म्हटलं, मी पोचेपर्यंत संध्याकाळ होईल. त्याला सांगितलं. त्यानं लगेच घोडा पिटाळला. का पिटाळणार नाही? चांगली बातमी पहिल्यांदा घेऊन येणाऱ्याला आमच्यात सुयुंचू द्यावा लागतो. आधी बक्षीस, मग बातमी. आणि एकदा दिलेला सुयुंचू कधीही मागे घ्यायचा नाही. घेतला, तर बातमीही मागे फिरते.

काचकिनबाय जिरगालला बाइके, म्हणजे दादा म्हणतो. दारातच त्यानं आरोळी ठोकली, "सुयुंचू, जिरगाल बाइके! सुयुंचू!"

"काय झालं?"

"आधी द्या, मग सांगतो. जपून द्या हं, बातमी मोठी आहे."

घरात झाडू होता, वजनकाटा होता, शिट्टी मारणारी किटली होती. या शहाण्यानं मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. मग बातमी ऐकली आणि उंबऱ्यावर मटकन बसला. मी धापा टाकत पोचलो तेव्हा तो तसाच बसलेला. ओठ हसत होते, डोळे वाहत होते.

"अरे, घड्याळ कशाला दिलंस? किटली द्यायचीस!"

"ती येतेय, आबा. आता मोजायचं कशाला?"

त्यानंतरचे पंधरा दिवस मी जिरगालला खरंच सुधारलेला पाहिला. तो पाचला उठायचा. थंड पाणी अंगावर घेऊन असा ओरडायचा की हमामखान्यात गरम पाण्यात बसलेली माणसं दचकायची. भिंतींना चुना लावला, कापायला ठेवलेल्या मेंढ्याला दोन वेळा चारलं, मैदानावर चालत जाऊन चालत आला. दिवसाला पंधरा हजार पावलं सहज होत असतील. मोजायला घड्याळ नव्हतं.

घड्याळ काचकिनबायच्या मनगटावर होतं. तो पहाटेपासून घोड्यावर. घोडा दुडक्या चालीनं निघाला की घड्याळाला प्रत्येक हिसका पाऊल वाटायचा. त्यातून उलाकचा सराव चाललेला. दर तिसऱ्या दिवशी तो जिरगालकडे यायचा, कारण चार्जर इथेच राहिला होता. घड्याळ खिडकीत लावून चहा प्यायचा आणि मिशीतल्या मिशीत हसत सांगायचा, "बाइके, काल अडतीस हजार!"

रविवार उलटला, बुरुलकानचा फोन आला नाही. तो आला तेरा तारखेला. जिरगाल अंगणात चुना कालवत होता, हात भरलेले, म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला. मी जवळच बसलो होतो, आणि उठून गेलो नाही.

"खरं सांगू, जिरगाल? मी तिकीट काढलं होतं. तुला सांगणारच होते."

"हो का?"

"तुझी पावलं तीनशेवर आली होती. म्हटलं, यानं अंथरूण धरलं. जाऊन बघावं, वाटलं तर राहावंच. आणि मग बघते तर काय, अडतीस हजार! परवा बेचाळीस! म्हातारीला दाखवलं, तर ती म्हणते, तुझा नवरा माणूस आहे की घोडा?"

मी जीभ चावली.

"सात वर्षं म्हणत होतास, सुधारणार, सुधारणार. सुधारलास की रे! मला तर रोज अभिमान वाटतो. म्हणून मग तिकीट परत केलं. म्हातारी पाय धरत होती, पगारही वाढवलाय तिनं. तू ठणठणीत आहेस, मग घाई कसली, नाही का?"

मी हातवारे करत होतो, सांग, सांग तिला. जिरगालच्या बोटांवरून चुना ठिबकत होता.

"हो," तो म्हणाला. "रोज चालतो मी."

फोन बंद झाल्यावर मी त्याला धारेवर धरलं. "का नाही बोललास?"

"काय बोलू? तिनं मला तिकिटाचं सांगितलंच नव्हतं. तुला कुठून कळलं, असं विचारलं असतं. मग सोनुनचं नाव आलं असतं, तुमचं आलं असतं." त्यानं चुना पुन्हा ढवळला. "आणि आबा, लग्न झाल्यापासून ती माझ्याबद्दल इतकं चांगलं कधी बोलली नव्हती."

"मग घड्याळ परत माग त्या काचकिनबायकडून!"

"सुयुंचू परत मागू? बातमी कायमची फिरेल."

"फिरलीच की, मूर्खा!"

"नाही. पुढे गेलीय."

मेंढा वीस तारखेला कापला नाही, नंतरही नाही. काचकिनबाय घड्याळ चार्जला लावायला यायचा तेव्हा मी जिरगालच्या कानाशी लागायचो. म्हणायचो, दोन दिवस ते खिडकीतच राहू दे, काचकिनबायला सांग बिघडलं म्हणून. तिकडे शून्य दिसलं की ती विमानात बसेल. तो ऐकून घ्यायचा. मग चार्ज पुरा झाला की स्वतःच्या हातानं घड्याळ काचकिनबायच्या मनगटावर बांधायचा.

डिसेंबरच्या सुरुवातीला उलाकचा मोठा सामना झाला. काचकिनबाय बोकडासकट घोड्याखाली गेला. पाय दोन ठिकाणी मोडला. खाटेवरून घड्याळात दिवसाला चाळीस पावलं पडायला लागली.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बाकावर होतो. फोन वाजला.

"जिरगाल! काय झालंय तुला? तीन दिवस नुसती चाळीस पावलं! छातीत दुखतंय का? खरं सांग. मी उद्याचं तिकीट बघते, ऐकतोयस ना? उद्याचंच बघते."

मुसाकुननं माझी बाही घट्ट धरली. एक शब्द पुरे होता. 'ये' म्हणायचं होतं फक्त. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता, मागे म्हातारी कसल्याशा वस्तूसाठी हाका मारत होती. जिरगालनं तोंड उघडलं.

"अगं, काही नाही. पट्टा तुटला होता घड्याळाचा. काढून ठेवलं होतं."

"नक्की?"

"नक्की. उद्यापासून बघ ना."

मी बाकावरून उठलोच. "गाढवा, आली असती ती!"

"आली असती, आबा. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला बघायला आली असती, आणि दारात मी उभा. तिला फसवल्यासारखं झालं असतं. चार दिवसांत परत गेली असती." त्यानं वही मांडीवर सरळ केली, पण उघडली नाही. "मी आजारी असलो तर ती येते. बरा असलो तर तिकडेच राहते. तिला नुसतंच यावंसं वाटेल, असा तिसरा मी कुठून आणू?"

मुसाकुननं माझी बाही सोडली. मी परत बसलो.

त्याच दुपारी तो काचकिनबायकडे गेला. घड्याळ परत घेतलं नाही, उसनं घेतलं, पाय बरा होईपर्यंत. दोघांनी तसं तीनदा मोठ्यानं म्हटलं, म्हणजे नंतर कुणाला शंका नको.

आता तो पाचला उठतो. पोट गेलंय, गालही गेलेत. मैदानाला फेऱ्या घालून झाल्या की गावाभोवती घालतो, बर्फात त्याच्या बुटांची गोल वाट पडलीय. वहीत दोनपासून अठरापर्यंत सगळ्यांपुढे खुणा आहेत, हे त्यानं स्वतःच मला दाखवलं. सोनुनकडे मी हल्ली मोजे घ्यायला जात नाही.

आज दुपारी तो बाकापुढून गेला, मिशांवर बर्फ.

"किती झाली रे?" मुसाकुननं विचारलं.

"बावीस हजार."

"आणि लागतात किती?"

"अडतीस."

मी पाय आखडून त्याला वाट दिली. बस म्हणालो नाही.