जानकीबाई सगळ्यांच्या मागून चालतात

जानकीबाई रोकडे यांचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे त्यांच्याविषयी लिहिताना माझा हात आखडता झालेला दिसला तर वाचणाऱ्याला कारण ठाऊक असेल. हेवा मला नवा नाही. बत्तीस वर्षं मी फिरत्या नाटक कंपनीत काढली. मुरबाड, शहापूर, जुन्नर, अकोले, जिथे जत्रा तिथे आमचा तंबू. राजे केले, सेनापती केले, एकदा नायिका तापाने आडवी पडली तेव्हा राणीही केली. दुसऱ्याला टाळी पडली की पोटात कसं दुखतं ते मला चांगलं माहीत आहे. पण तो हेवा नटांचा असायचा. पायात रबरी चपला, डोक्यावर पदर, हातात काठी अशा बहात्तर वर्षांच्या बाईचा हेवा करायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

कंपनी बंद पडून अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी टोकावड्याच्या घरी असतो. समोर चांगोचा ढाबा आहे. दर रविवारी सकाळी साडेसातला कल्याणकडून एक मिनीबस येऊन तिथे थांबते. वीस-पंचवीस माणसं उतरतात, वडापाव खातात, चहा पितात आणि विचारतात, "जानकीबाई आल्या का?"

गावामागे पळसटेक नावाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्याखालच्या सपाटीवर बौद्ध विहार आहे आणि दोन भंते तिथे कायम राहतात. सकाळी चढायचं, वर वंदना, थोडा वेळ ध्यान, जेवण, आणि दीड वाजेपर्यंत पुन्हा ढाब्यावर. अशी ही अर्ध्या दिवसाची सहल. गेली सहा वर्षं ती जानकीबाई घडवतात.

"नाना," चांगो एकदा मुद्दाम मला ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमच्या नाटकाला लोकं एवढी आवडीनं विचारत यायची का हो?"

"तिकीट काढून यायची."

"मग मधेच उठून पन जात असतील."

ढाब्यावरचे सगळे हसले. मीही हसलो. हसायची सवय आहे.

भातकापणी सुरू झाली त्या सुमारास विहार समितीचा सचिव रत्नदीप माझ्या ओट्यावर येऊन बसला. तो जानकीबाईंचा भाचा, कल्याणला बँकेत असतो.

"नाना, आत्याचं वय झालं. आन् आता मोठे ग्रुप यायला लागलेत, त्यांना माहिती देणारा मानूस पायजे. आत्या काय फार बोलत नाय. तुमचा आवाज हाय. या रविवारी एक फेरी बघून घ्या, पुढच्या रविवारपासून तुमी."

"आणि जानकीबाई?"

"तिला बोल्लोय मी, नाना बघायला येतायत म्हणून. ती बोल्ली, येऊ दे."

दर रविवारी पंचवीस माणसं. माझ्याकडे तोंड करून उभी. मला ते किती हवं होतं हे लिहायलासुद्धा लाज वाटते. चार दिवस मी रोज सकाळी विहिरीवर जाऊन आवाज लावला. दाढी केली, धुवट झब्बा काढला, कॅनव्हासचे बूट घातले आणि रविवारी बस यायच्या आधी अर्धा तास ढाब्यावर हजर झालो.

जानकीबाई वेळेवर आल्या. "जय भीम" झालं, माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. मग माणसं मोजली, प्रत्येकाची पाण्याची बाटली स्वतः हातात घेऊन भरलेली आहे की नाही पाहिलं, आणि वाट दाखवून म्हणाल्या, "सरळ जा. फाटा आला की थांबा." आणि त्या सगळ्यात मागे जाऊन उभ्या राहिल्या.

मला वाटलं काहीतरी विसरलं असेल. पण नाही, त्यांची चालायची पद्धतच ती. वाटाड्या म्हणजे पुढे हवा, काठी उंचावून, वळणावर वळून बोलणारा. ही बाई रांगेच्या शेवटी. त्या दिवशी शेवटी आटगावच्या एक शिक्षिका होत्या, पौर्णिमा मॅडम, गुडघे दुखणाऱ्या. जानकीबाई त्यांच्याबरोबर, त्यांच्याच चालीने. मी पुढे चालता चालता मनात गुण कापत होतो. प्रवेश फिका. आवाज पडका. रंगमंचाकडे पाठ.

पहिल्या फाट्यावर एक सपाट धोंडा आहे. सगळे थांबले. जानकीबाई मागून आल्या, पाणी प्यायल्या आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "इथं माझी सासू बसलेली. डोक्यावर वाळूचं घमेलं. बोल्ली, आता मी काय उठत नाय, विहार इथंच बांधा."

माणसं खळखळून हसली. एकाने विचारलं, "मग?"

"मग काय. भंते वरून खाली आले, तिच्या शेजारी बसले. दोघांनी भाकर खाल्ली. मग उठली."

एवढंच. आवाजात चढ नाही, उतार नाही, हाताची हालचाल नाही. पण बायका त्या धोंड्याला हात लावून पुढे गेल्या. मी तिथे उभा राहून मोजलं, दोन मिनिटंही झाली नव्हती. असं हसू मिळवायला मला अर्धा अंक लागायचा.

ह्या अशा तुकड्यांतून मला त्यांचं आयुष्य कळत गेलं. त्या डोंगराच्या पायथ्याच्याच. स्वतःची जमीन नाही, दुसऱ्याच्या खाचरात लावणी आणि कापणी. नवरा नथू खडीच्या खाणीत. वस्तीने विहार बांधायचं ठरवलं तेव्हा वाळू, सिमेंट, पत्रे, सगळं डोक्यावरून वर गेलं, आणि जानकीबाईंनी सात वर्षं ते ओझं वाहिलं. नथू जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा अंबरनाथला आहे, तो घरी राहायला बोलावतो. त्या जातात आणि तिसऱ्या दिवशी परत येतात. "तिथं खिडकीतून नुसती खिडकीच दिसते," म्हणाल्या. यावरही लोक हसले.

दुसऱ्या टप्प्यावर कातळाची भिंत लागते. तिच्यातून पाणी झिरपतं आणि खाली एका दगडी डोणीत साठतं. दोन हात लांब, हातभर खोल, कातळातच कोरलेली. कडेला शेवाळ. आम्ही पुढचे पंधरा-सोळाजण तिथे पोचलो तेव्हा जानकीबाई आणि पौर्णिमा मॅडम खालच्या वळणावरही दिसत नव्हत्या. टोपी घातलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "तुम्ही इथलेच ना? हे कोणी खोदलंय?"

मला माहीत नव्हतं. पण नटाने "माहीत नाही" हे वाक्य कधी म्हणायचं नसतं. संवाद विसरला तर दुसरा रचायचा, पण रंगमंच रिकामा सोडायचा नाही, हे माझ्या हाडात बसलेलं आहे. मी डोणीच्या कडेला पाय दिला आणि सुरू झालो.

दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून व्यापाऱ्यांचे तांडे उतरत, असं मी सांगितलं. त्यांत एक विधवा शेठाणी होती. उन्हाळ्यात तिचा तांडा इथे अडकला. एका तहानलेल्या भिक्खूंनी आपल्या वाट्याचं ओंजळभर पाणी तिच्या बैलाला पाजलं. शेठाणीने पायांतले सोन्याचे पैंजण काढून पाथरवटांपुढे ठेवले आणि म्हणाली, या डोंगरावर कोणी तहानलेला राहता कामा नये. पैंजण मी दोन्ही हातांनी काढून दाखवले. आवाज कातळावर आपटून परत येत होता, तंबूत कधी आला नाही असा. कोणीतरी मोबाईल वर धरला. शेवटी मी ओंजळ भरली, पाणी हळूच पुन्हा डोणीत सोडलं आणि थांबलो.

टाळ्या पडल्या. अकरा वर्षांनी.

तेवढ्यात मला जानकीबाई दिसल्या. गर्दीच्या मागे पौर्णिमा मॅडमचा हात धरून उभ्या. कधी आल्या होत्या कोण जाणे. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि खरं सांगायचं तर विजयाने पाहिलं.

"चला," त्या म्हणाल्या, "ऊन वाढतंय."

वर विहार साधा आहे. पांढरी भिंत, पत्र्याचं छप्पर, दारात लिंबाचं झाड, आत बुद्धमूर्ती. वंदना झाली. भंतेंनी वीस मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मी डोळे मिटून टाळ्या ऐकल्या. वीस मिनिटं पुरल्या.

जेवणाच्या पंगतीत, मागाहून वर पोचलेला रत्नदीप माझ्या कानाशी आला. "नाना, काय सांगितलंत तुमी. लोकं खूश आहेत. पुढल्या रविवारपासून तुमीच. खाली बसमधे चढायच्या आधी सगळ्यांसमोर सांगून टाकतो." भात माझ्या घशाखाली अगदी सुखाने उतरला.

जेवून हात धुताना पौर्णिमा मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "ती दुसरी डोण कुठे आहे हो?"

"दुसरी कुठली?"

"जानकीबाईंच्या मिस्टरांनी खोदलेली. चढताना सगळा वेळ मला तेच सांगत होत्या. खाणीतलं काम संपवून रोज यायचे म्हणे, दोन उन्हाळे एकट्याने खोदली. मला म्हणाल्या, पुढच्या टप्प्याला दाखवते. पण दाखवलीच नाही."

मी हात धूतच राहिलो. बराच वेळ.

डोंगरावर दुसरी डोण नाही. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

जानकीबाई स्वयंपाकघरामागे पातेलं घासत होत्या. मी जाऊन उभा राहिलो.

"मला तिथेच का नाही थांबवलंत?"

"लोकं ऐकत होती ना. मधेच कसं तोडायचं?"

"तुमच्या माणसाचं काम मी कुठल्या शेठाणीला देऊन टाकलं."

"दिलंत खरं." त्यांनी पातेलं पालथं घातलं. "नथू असता तर हसला असता. त्याला नाटकाचा लय नाद."

माझ्यातला निर्लज्ज नट अशा वेळीही मरत नाही. मी विचारलं, "आमची नाटकं पाहिलीत तुम्ही?"

"पाहिली की. जत्रंला दर साली. आमची वस्ती बैलगाड्यांच्या मागं बसायची. तिथवर आवाज नाय यायचा. तुमचे हात तेवढे दिसायचे. आमी आपलं ठरवायचो, आता राजा रागावला, आता रडतो." त्या हसल्या. त्या हसण्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता.

गाड्यांच्या मागे कोण बसतं हे मला तेव्हाही माहीत होतं. माझा आवाज तिथवर पोचतो का, हे बत्तीस वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं.

उतरताना मी पुढे होतो. डोणीपाशी थांबलो, सगळे येईपर्यंत थांबलो, आणि म्हणालो, "सकाळी मी तुम्हाला जे सांगितलं ते खोटं होतं. शेठाणी मी तिथल्या तिथे रचली. ही डोण नथू रोकडे यांनी खोदली. जानकीबाईंचे यजमान."

मग टोपीवाले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे ही जुनी नाही?"

"नाही."

"मी व्हिडिओ ग्रुपवर टाकला सुद्धा."

"मग आता दुसरा काढा," मी म्हणालो.

माझी अशीही एक आशा होती, ती कबूल करतो. वाटलं होतं, एवढ्या लोकांत चूक मान्य करणारा म्हातारा त्यांना मोठा वाटेल. बत्तीस वर्षांचा अनुभव सांगत होता की अशा प्रसंगाला टाळी पडते. पण माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. सगळ्या माना जानकीबाईंकडे वळल्या होत्या.

त्यांना बोलावंच लागलं. डोणीच्या एका कोपऱ्यात बोट घालून त्या म्हणाल्या, "इथं छिन्नी सटकलेली. त्या दिवशी तो चिडला आन् आठ दिवस आलाच नाय. मग मीच छिन्नी टोकावड्याच्या लोहाराकडून धार लावून आणली आन् त्याच्या उशाशी ठेवली. काय बोल्ली नाय. सकाळी छिन्नी पन नव्हती आन् तो पन नव्हता."

एकेकाने वाकून तो कोपरा हाताने चाचपून पाहिला. टोपीवाल्यांनीही. पौर्णिमा मॅडम दुखऱ्या गुडघ्यांसकट खाली बसल्या आणि पाण्यात हात घालून बराच वेळ तशाच राहिल्या. टाळी एकही पडली नाही. टाळी वाजवायला हात मोकळे हवेत ना.

मी कातळाला टेकून उभा होतो आणि जळत होतो. हो, तेव्हाही. उलट तेव्हाच सगळ्यात जास्त. शेठाणीचे सोन्याचे पैंजण एका सटकलेल्या छिन्नीपुढे पडले होते. पडले ते माझ्याच हाताने.

खाली बसपाशी रत्नदीपने घसा खाकरला. तो बोलायच्या आत मी त्याला बाजूला घेतलं.

"मी करणार नाही. जोवर जानकीबाईंचे पाय चालतात तोवर त्याच करतील."

"पन नाना, तुमी तर..."

"मला आवाज आहे, ते खरं. पण सांगायला काही नाही. रचावं लागतं. आणि हे मी मोठ्या मनाने म्हणतोय असं समजू नकोस. त्यांच्यानंतर तिथे उभं राहायची माझी छाती नाही."

त्याने डोकं खाजवलं आणि जानकीबाईंकडे गेला. दोघं काहीतरी बोलले. मग जानकीबाई काठी टेकत माझ्याकडे आल्या.

"मग येत्या रविवारी काय करनार, नाना?"

"घरी बसेन."

"कशाला? या की. कोनी ऐकायला पन लागतं."

मला बोलायला पुष्कळांनी बोलावलं. ऐकायला आजवर कोणी बोलावलं नव्हतं. बघतो, म्हणालो.

त्याला तीन रविवार झाले. मी गेलो नाही. हेवा ओसरू दे, मग जाऊ, असं ठरवलं होतं. तो ओसरायचं चिन्ह दिसत नाही. चांगो सांगतो, हल्ली लोक नथूची डोण कुठे आहे म्हणून ढाब्यावरच विचारायला लागलेत. मी बरं म्हणतो आणि चहा अर्धा टाकून घरात येतो.

उद्या चौथा रविवार. आज सकाळी कॅनव्हासचे बूट धुऊन कुंपणावर उन्हात घातले आहेत. वाळले तर जाईन.